रतामाच्या झुडपाखाली
(मनाचा आजार, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि आपली मंडळी : एक अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : १ राजे १९:१-१८. सोबत वाचावे : १ राजे १८:३-१५, ईयोब २:११-१३, लूक १०:३०-३५.

हा पाठ आम्ही का लिहीत आहोत हे आधी सांगितले पाहिजे. आणि ते सांगताना आम्हाला संकोच वाटतो, कारण त्यात आमचीच चूक आहे.

राखोली हे दादरा व नगर हवेलीतील गाव दमणगंगेच्या काठी, सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सभोवती वारली, धोडिया व कोकणा बांधवांचे पाडे आहेत आणि त्यांच्या शेजारी आता कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. या कारखान्यांत काम करण्यासाठी दूरदूरची तरुण माणसे येतात. एका खोलीत चारपाच जण राहतात. एकाची रातपाळी संपते तेव्हा दुसऱ्याची दिवसपाळी सुरू होते. आमचा लहानसा प्रार्थनागट अशाच माणसांचा आहे.

या गटात खानदेशाकडून आलेला एक तरुण होता. (त्याच्या परवानगीने हे लिहीत आहोत, आणि त्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) तो मुलांना गाणी शिकवी. त्याचा आवाज गोड होता. एका पावसाळ्यात तो येईनासा झाला. आम्ही खोलीवर गेलो तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. "देवाने मला सोडले आहे," एवढेच तो बोलला. आम्ही त्याला काय सांगितले? उपास कर, प्रार्थना वाढव, आणि एखादे लपवलेले पाप असेल तर ते कबूल कर. पुढच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत आम्ही त्याचे नाव घेऊन, त्याला काय झाले आहे हे सर्वांना सांगून, विनंतीची प्रार्थना केली. आपण आपले कर्तव्य केले असे समजून आम्ही घरी आलो.

तीन आठवड्यांनी एका पहाटे तो खोलीवर नव्हता. सोबत्यांनी शोधले तेव्हा तो नदीच्या काठी एकटा बसलेला सापडला. तेथे तो कशासाठी गेला होता हे त्याने लपवले नाही. त्या सकाळी आमच्या गटातील एक सेवानिवृत्त नर्सबाई त्याच्याजवळ बसल्या. त्यांनी वचन सांगितले नाही, की प्रश्नांची सरबत्ती केली नाही. "बाळा, किती दिवस झोपला नाहीस? शेवटचा पोटभर कधी जेवलास?" एवढेच विचारले, आणि भात कालवून त्याच्यापुढे ठेवला. मग त्याच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि शहरातील एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंचे नाव दिले. दर पंधरा दिवसांनी वापीहून गाडी धरून तो त्यांच्याकडे जाऊ लागला.

हे कोण लोक असतात, काय शिकलेले असतात आणि काय करतात, याची आम्हाला नीट कल्पना नव्हती. आमच्यासारखे पुष्कळ जण असतील, म्हणून आम्ही पुढे जे शिकलो ते या पाठात मांडतो.

१. तीन नावे, तीन कामे

आपण बोलताना "मानसोपचारवाला" असा एकच शब्द वापरतो. वास्तविक येथे तीन निरनिराळी माणसे आहेत.

पहिला मनोविकारतज्ज्ञ. हा वैद्यकीय डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर त्याने मनाच्या आजारांचे पुढील शिक्षण घेतलेले असते. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला आहे.

दुसरा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्याला आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो. तो औषधे देत नाही. त्याने मानसशास्त्रात बी.ए. व एम.ए. (किंवा बी.एस्सी. व एम.एस्सी.) केलेले असते, आणि त्यानंतर रुग्णालयाशी जोडलेल्या मान्यताप्राप्त संस्थेत, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करून शिक्षण घेतलेले असते. आपल्या देशात आजवर हे शिक्षण बहुधा दोन वर्षांच्या एम.फिल. अभ्यासक्रमातून दिले गेले. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच बंद करण्याचे ठरवल्यामुळे या अभ्यासक्रमाची रचना बदलत आहे. परंतु एक खूण लक्षात ठेवावी : १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे अशा व्यक्तीची नोंदणी असते, आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही.

तिसरा समुपदेशक. शाळेत, कारखान्यात, कुटुंबाच्या तंट्यात सल्लामसलत करणारा. काहींचे शिक्षण मोठे असते, काहींचे एखाद्या छोट्या अभ्यासक्रमापुरते. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत आम्हालाही समुपदेशनाचा एक विषय होता. त्या एका विषयाच्या बळावर आम्ही स्वतःला तज्ज्ञ समजलो, ही आमच्या चुकीची सुरुवात होती.

हे शास्त्र आपल्या देशाला अगदी नवीन नाही. रांचीचे केंद्रीय मनोरुग्णालय १९१८ साली सुरू झाले. बंगळूरला १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि तेथे मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणाला आरंभ झाला. तीच पुढे १९७४ साली निमहान्स या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेचे नाव तर मराठी घरांत परिचित आहे.

या बाबतीत ख्रिस्ती मंडळीही मागे नव्हती, हे आपल्या शब्बाथशाळेतील मुलांना सांगावे. मेथडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांचे हिंदुस्थानातील पहिल्या वर्षांत अतिश्रमाने मन व शरीर खचले होते. याच सेवकाने पुढे १९५० साली लखनौ येथे नूर मंजिल हे मनोरुग्णांसाठी केंद्र स्थापन केले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने त्याच दशकात मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले, आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्या माणसांनीही तेथे राहावे अशी व्यवस्था केली. ज्या काळी मनोरुग्णाला घरच्यांपासून तोडून कोंडून ठेवीत, त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

२. दोन शिक्षक

मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतो म्हणजे नेमके काय करतो? हे समजण्यासाठी आपण दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची ओळख करून घेऊ. दोघांनीही डॉक्टरेट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून मिळवली. परंतु दोघांचे मार्ग फार वेगळे.

कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) हे एका कडक, धार्मिक प्रॉटेस्टंट घरात वाढले. विद्यार्थी असताना १९२२ साली ते जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाच्या परिषदेसाठी चीनमध्ये पेकिंगला गेले होते. पाळक होण्याच्या इच्छेने १९२४ साली ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. दोन वर्षांनी त्यांनी ती सोडली आणि समोरच असलेल्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकायला गेले. पुढे बारा वर्षे त्यांनी रॉचेस्टर येथे अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, कोठे दुखते हे दुखणाऱ्यालाच सर्वांत जास्त ठाऊक असते. उपचार करणाऱ्याने घाईने सल्ला देऊ नये. समोरच्याचे मन त्याच्या जागी उभे राहून समजून घ्यावे, अटी न घालता त्याचा स्वीकार करावा, आणि स्वतः ढोंग न करता खरेपणाने वागावे. असे ऐकणारा माणूस भेटला की दुःखी माणूस स्वतःच हळूहळू मार्ग शोधू लागतो. रॉजर्स पुढे मंडळीच्या शिकवणीपासून दूर गेले, हेही सांगितले पाहिजे.

अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) हे पिट्सबर्गला जन्मलेले आणि न्यूयॉर्कला वाढलेले. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने ते वारंवार इस्पितळात पडून असत, आणि आईवडील क्वचितच भेटीला येत. तरुणपणी ते इतके बुजरे होते की सभेत बोलण्याची आणि अनोळखी स्त्रियांशी बोलण्याची त्यांना धास्ती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन, बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी सभ्यपणे बोलायचे. शंभर जणींशी ते बोलले. मैत्री एकीशीही जमली नाही. पण आकाशही कोसळले नाही, आणि भीती मात्र गेली. त्यांनी १९४३ साली एम.ए. व १९४७ साली पीएच.डी. केली. आरंभी ते फ्रॉईडच्या परंपरेने मनोविश्लेषण करीत. रुग्ण वर्षानुवर्षे बालपण उकरीत बसतात, पण बरे होत नाहीत, असे पाहून १९५५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात.

या पद्धतीचे सूत्र तीन अक्षरांत सांगता येते. 'अ' म्हणजे घडलेली घटना. 'क' म्हणजे मनावर झालेला परिणाम. आपण समजतो की 'अ' मुळे 'क' झाले. एलिस म्हणतात, मध्ये 'ब' आहे, आणि तो म्हणजे त्या घटनेविषयी आपण मनाशी धरलेला समज. तो समज हट्टी आणि टोकाचा असेल, "असे झालेच पाहिजे होते", "मी अगदीच नालायक आहे", "आता सारे संपले" अशा जातीचा असेल, तर दुःखाचे रूपांतर विनाशात होते. म्हणून त्या समजाला प्रश्न विचारायचे. हे खरे आहे काय? पुरावा काय? दुसऱ्याच्या बाबतीत तू हेच म्हटले असतेस काय? आणि केवळ चर्चा करून थांबायचे नाही, तर रोजच्या जीवनात करून पाहण्यासाठी गृहपाठ द्यायचा.

ही पद्धत मराठी माणसांपर्यंत पोहोचली ती मुंबईचे कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून तिचा अभ्यास केला, न्यूयॉर्कच्या संस्थेची मान्यता मिळवली, आणि लेखनातून व शिकवण्यातून तिचा येथे प्रसार केला. डॉ. अंजली जोशी यांचे 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तकही मराठीत आहे.

येथे कोणी विचारील, एलिस तर नास्तिक होते. त्यांचे आपण का ऐकावे? प्रश्न योग्य आहे. एलिस यांनी धर्मश्रद्धेवर एके काळी कठोर टीका केली होती. तथापि पुढे त्यांचे मत काहीसे निवळले, आणि धर्मश्रद्ध माणसांवर ही पद्धत त्यांच्या श्रद्धेचा आदर राखून कशी वापरावी यावरील एका ग्रंथाचे ते २००१ साली सहलेखक झाले. शिवाय, पूल बांधणारा इंजिनीअर आपल्या विश्वासाचा नसला तर आपण नदी पोहून जात नाही. परीक्षा करून चांगले ते घट्ट धरावे, असे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीस शिकवले आहे. (१ थेस्स. ५:२१)

३. एलीयाचा अध्याय पुन्हा वाचताना

आता शास्त्रभागाकडे वळू. एलीया आजारी होता असे निदान करण्याचा आमचा हेतू नाही, आणि पवित्र शास्त्र हे मानसशास्त्राचे पुस्तक नव्हे. परंतु खचलेल्या सेवकाशी देव कसा वागला, हे येथे क्रमाने लिहून ठेवले आहे. तो क्रमच आपण पाहावा.

कर्मेल डोंगरावर मोठा विजय झाला होता. लगेच ईजबेलीची धमकी आली आणि तोच धाडसी संदेष्टा जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकराला मागे ठेवले. (वचन ३) ही बारीक गोष्ट आपण वाचताना सोडून देतो. मन खचलेला माणूस पहिल्यांदा सोबत सोडतो. मग रानात एक दिवसाची वाट चालून तो एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले.

पहिली पायरी : झोप आणि अन्न. देवाने त्याला अविश्वासाबद्दल रागे भरले नाही. दूताने त्याला स्पर्श केला. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा जेवण दिले. वाट तुला झेपणार नाही, हे दूताने ओळखले. आमच्या नर्सबाईंनी त्या सकाळी हेच केले. शरीर थकले तर मन थकते, आणि मन आजारी पडले तर झोप व भूक जाते. या ठिकाणी डॉक्टरचे औषधही देवाच्या दयेचे साधन असते.

दुसरी पायरी : ऐकून घेणे. होरेब डोंगरावरील गुहेत देवाने एलीयाला तो तेथे काय करीत आहे असे विचारले. सर्वज्ञ देवाला उत्तर ठाऊक नव्हते काय? तरी त्याने विचारले आणि एलीयाला बोलू दिले. एवढेच नव्हे, तर वारा, भूकंप व अग्नी होऊन गेल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि एलीयाने जवळजवळ त्याच शब्दांत तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगितले. (वचने १० व १४) देव कंटाळला नाही. "हे तू मघाच सांगितलेस," असे तो म्हणाला नाही. रॉजर्स यांनी विसाव्या शतकात जो धडा दिला तो या गुहेत आधीच दिसतो. ईयोबाचे मित्र तरी सुरुवातीला सात दिवस व सात रात्री गप्प त्याच्याजवळ बसले. त्यांनी तोंड उघडले तेव्हा घात झाला.

तिसरी पायरी : चुकीचा समज दुरुस्त करणे. एलीयाचे गाऱ्हाणे काय होते? मी एकटाच उरलो आहे. हा समज खरा होता काय? मागचा अध्याय उघडा. ओबद्याने शंभर संदेष्ट्यांना गुहांमध्ये लपवून अन्नपाणी पुरवले होते, आणि ही गोष्ट त्याने स्वतः एलीयाच्या तोंडावर सांगितली होती. (१८:१३) म्हणजे एलीयाला हे माहीत होते! परंतु खचलेले मन माहीत असलेले चांगलेसुद्धा विसरते. देवाने आधी झोप दिली, अन्न दिले, दोनदा ऐकून घेतले, आणि मगच सांगितले की इस्राएलात बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. 'एकटा' या समजापुढे 'सात हजार' हे सत्य ठेवले. हेच सत्य त्याला झुडपाखाली पहिल्याच दिवशी सांगितले असते तर? त्याच्या कानापर्यंत ते पोहोचले नसते, असे आम्हाला वाटते.

चौथी पायरी : पेलेल असे काम आणि सोबती. देवाने त्याला परत पाठवले, कामे नेमून दिली, आणि अलीशा हा सोबती दिला. चाकराला सोडून एकटा गेलेला एलीया परत आला तो एकटा राहिला नाही.

४. आमची चूक कोठे झाली

हा अध्याय आम्ही व्यासपीठावरून तीनदा तरी शिकवला होता. तरीही त्या तरुणाच्या खोलीत आम्ही क्रम उलटा केला. झोप विचारली नाही, ऐकले नाही, एकदम उपदेशापासून सुरुवात केली.

पुढे बरा होत असताना त्याने स्वतः आम्हाला आपली हकीकत सांगितली. त्याचे वडील गावी वारले तेव्हा तो रातपाळीवर होता. फोन पेटीत ठेवलेला होता. सकाळी कळले, गावी पोहोचेपर्यंत मातीही झाली होती. ही झाली 'अ'. त्याच्या मनाने 'ब' धरला : मी नालायक मुलगा आहे, म्हणून देवाने माझ्याकडे पाठ फिरवली आहे. आणि 'क' आपण पाहिलाच. अशा माणसाला आम्ही जाऊन सांगितले की लपवलेले पाप कबूल कर! त्याच्या खोट्या समजाला आम्ही देवाच्या नावाने पुरावा पुरवला. बंधुभगिनींनो, या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आपला उपदेश शास्त्राला धरून असला तरी अवेळी आणि न ऐकता दिला, तर तो आजारी मनातल्या असत्याला बळ देतो.

त्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक वही दिली. काय घडले, त्या वेळी मनात काय आले आणि कसे वाटले, असे तीन रकाने आखायला सांगितले. एके दिवशी त्यांनी विचारले, "तुमच्याच खोलीतल्या सोबत्याचे वडील असे गेले असते, तर तुम्ही त्याला नालायक म्हटले असते काय?" तो म्हणाला, "कधीच नाही." "मग एका कामगाराला एक न्याय आणि तुम्हाला दुसरा का?" या प्रश्नावर तो बराच वेळ रडला. वडील गेल्यापासून तो रडलाच नव्हता. त्या बाई आपल्या विश्वासाच्या नव्हत्या. पण त्यांनी त्याचा विश्वास हिरावून घेतला नाही. उलट, शोक करणाऱ्यांविषयी तुमच्या शास्त्रात काय सांगितले आहे, असे त्यालाच विचारले. गृहपाठ काय दिला? येत्या रविवारी मुलांना एक गाणे शिकवायचे. एकच. जमले नाही तर परत येऊन तसे सांगायचे.

आम्ही एकदा बाईंना फोन करून त्याची प्रगती विचारली. "त्यांच्या परवानगीशिवाय मला काही सांगता येणार नाही," असे त्या नम्रपणे म्हणाल्या. आम्हाला राग आला. आम्ही त्याचे आध्यात्मिक वडील ना! मग आठवले की आम्ही त्याचे दुःख बुधवारच्या सभेत वीस माणसांपुढे मांडले होते. त्यानंतर महिनाभर तो दुकानातही मान खाली घालून जाई. त्या बाईंना त्यांच्या व्यवसायाने जो नियम शिकवला, तो आम्हाला प्रीतीने शिकवायला हवा होता.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. एक, प्रत्येक दोषभावना खोटी नसते. नाथान दाविदाकडे गेला तेव्हा दाविदाचे पाप खरे होते, आणि त्याचे औषध पश्चात्ताप व क्षमा हेच होते. परंतु खऱ्या दोषाला कबूल करण्यासारखे काही असते. खोट्या दोषभावनेजवळ कबुली द्यायला काहीच नसते, म्हणून ती माणसाला आतून पोखरते. दुसरी, एलिस म्हणतात की माणसाने स्वतःचा विनाअट स्वीकार करावा, आणि रॉजर्स म्हणतात की उपचारकाने रुग्णाचा करावा. आपण एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की हा स्वीकार आधीच झालेला आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. (रोम ५:८) मानसशास्त्रज्ञ मनाच्या जखमेवर पट्टी बांधू शकतो. ही सुवार्ता सांगण्याचे काम मंडळीचेच आहे. दोहोंत वैर मानण्याचे कारण नाही.

५. मंडळीने काय करावे

आमच्या शेजारच्या पाड्यांत आजारी माणसाला भगताकडे नेतात, आणि आपण त्यांना अंधश्रद्ध म्हणतो. पण आपल्यातीलच कोणी गोळ्या बंद करून केवळ अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीवर विसंबतो तेव्हा आपण वेगळे काय करतो? निमहान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. तेव्हा आपल्या बाकांवरही अशी माणसे बसलेली असणार. म्हणून :

(क) प्रथम झोप, भूक आणि काम यांची चौकशी करा. दोन आठवड्यांहून अधिक काळ माणूस उदास असेल, झोप उडाली असेल, कशात रस नसेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. आवाज ऐकू येणे, भलतेच संशय येणे अशी लक्षणे असतील तर मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यास उशीर करू नका.

(ख) मरणाचे विचार येतात काय, असे प्रेमाने व स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही. उलट ओझे हलके होते. उत्तर होय असेल तर त्याला एकटे सोडू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखालील व्यक्ती म्हणून पाहिले आहे. कायद्याने दाखवली ती दया मंडळीने नाकारू नये.

(ग) चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणालाही बंद करायला सांगू नका. प्रार्थना जरूर करा. गोळीच्या वेळी गोळीही द्या.

(घ) परवानगीशिवाय कोणाचे दुःख प्रार्थनासभेत मांडू नका. नाव न घेताही प्रभू ओळखतो.

(च) तज्ज्ञाकडे पाठवून हात झटकू नका. चांगल्या शमरोन्याने जखमीला उतारशाळेत नेले, रखवालदाराच्या हाती सोपवले, खर्च दिला, आणि परत येण्याचे वचनही दिले. गाडीभाडे द्या, सोबत जा, डबा पाठवा, आणि पुन्हा भेटायला जा.

शिक्षकांसाठी प्रश्न

१. एलीयाने चाकराला मागे का ठेवले असावे? आपल्या वर्गातून अलीकडे कोण येईनासे झाले आहे?
२. देवाने तोच प्रश्न दोनदा का विचारला असावा?
३. "मी खरा ख्रिस्ती असतो तर मला उदास वाटलेच नसते." या समजाला पवित्र शास्त्रातून काय उत्तर द्याल?
४. खरी दोषभावना आणि खोटी दोषभावना यांचे प्रत्येकी एक उदाहरण सांगा.
५. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि पाळक यांची कामे कोठे वेगळी आहेत आणि कोठे जुळतात?

शेवटी त्या तरुणाविषयी. तो पूर्ण बरा झाला असे आम्ही लिहिणार नाही. काही दिवस अजून जड जातात, आणि मग तो वही काढून बसतो. त्या पहिल्या गृहपाठाच्या रविवारी तो उशिरा आला आणि दाराजवळच उभा राहिला. मुलांनीच त्याला हात धरून पुढे नेले. त्याने एक गाणे शिकवले आणि लगेच निघून गेला. पुढच्या रविवारी दोन शिकवली. आम्ही मागच्या बाकावर बसून होतो, आणि त्या दिवशी आम्ही काहीही उपदेश केला नाही.